पायऱ्या ओल्या आहेत

आकिता बंदर, जहाजावरून
२ जुलै

अहो,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल, गुडघा सोडून. समुद्र शांत आहे, खाणं भरपूर आहे, गादी मऊ आहे. इतकी मऊ की पाठ धरली.

फोन का केला नाही, असं तुम्ही काही विचारणार नाही, तरी सांगते. फोनवर तुम्ही "हं" म्हणता, मी पुढचं वाक्य सुरू करते, तुम्ही दुसऱ्यांदा "हं" म्हणता आणि ठेवून देता. पत्राला "हं" म्हणून गप्प बसवता येत नाही. तुम्ही मासेमारीला उत्तरेच्या समुद्रावर असायचात तेव्हा लिहायचेच की मी. सवय मोडली नाही, एवढंच कळलं.

तर सुट्टी. सुट्टी म्हणजे काय हे मला सत्तरी उलटल्यावर कळतंय, आणि कळून फार आनंद झालाय असं नाही. सकाळी उठून करायचं काय? भांडी नाहीत, धुणं नाही. लोक आरामखुर्चीत पांघरूण घेऊन समुद्राकडे बघत पडतात. मी पण पडून बघितलं. पाय एका जागी ठरेनात. शेवटी उठले आणि डेकवर फेऱ्या मारत सुटले. काल स्नानगृहात लोकांनी टाकून दिलेले टॉवेल घड्या करून ठेवत होते, तर तिथली मुलगी धावत आली आणि वाकून वाकून म्हणाली की आजी, कृपा करा, हे आमचं काम आहे. माझी मेलीची काय चूक? हातांना सवय.

जेवणाच्या टेबलावर माझ्यासोबत कुरामोची नावाच्या बाई असतात. नागोयाच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून वर्षातून दोनदा जहाजावर येतात आणि जेवताना सगळ्यांच्या ताटात डोकावतात. मी कुशिरोची म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. म्हणजे तुम्ही जहाजात बसून, सगळ्या देशाला वळसा घालून स्वतःच्याच घरी चाललात होय? सगळं टेबल हसलं. मीही हसले. मग त्यांनी विचारलं की तुमची दोन माणसांची खोली आहे म्हणे, दुसरं माणूस कुठंय? मी म्हटलं, ह्यांना ऐनवेळी सर्दी झाली.

तेव्हा तुम्हाला सर्दी झालेली आहे. लक्षात ठेवा.

खरं सांगायला मला काही लाज नव्हती. पण काय सांगायचं? की चाळीस वर्षं "एकदा तुला नीट जहाजात बसवून फिरवतो" म्हणणारा माणूस तिकिटं हातात आल्यावर म्हणाला, आपलंच गाव बघायला जहाज कशाला? आणि पाच तारखेला तर ते जहाज आपल्या धक्क्याला लागणार, त्या दिवशी माझी ड्युटी आहे. ड्युटी! तुम्ही सात म्हातारे निळे डगले घालून धक्क्यावर उभे राहणार, उतरणाऱ्यांना नकाशे वाटणार आणि संध्याकाळी झेंडे हलवून जहाजाला निरोप देणार. मला तुमचं ते स्वागत मंडळ आवडत नाही असं नाही. डगल्याच्या बाह्या मीच शिवते. पण त्या दिवशी त्या जहाजावर मी असणार होते, हे तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही का?

आणि मी निघाले त्या दिवशीचं तर... जाऊ दे. बॅग जड नव्हती.

काल जेवताना सुपाच्या वाटीवर झाकण होतं. उचललं तर आतून थेंब धरलेले. मला एकदम तुमचं ताट आठवलं. तुम्ही बोटीवर गेलात की सासूबाई मला रोज तुमच्या जागी ताट वाढायला लावायच्या. माणूस प्रवासात असला तरी घरात त्याचं ताट चुकता कामा नये. आणि सुपाच्या झाकणाला आतून पाणी सुटलं की माणूस सुखरूप. मी तुमच्या वाटीचं झाकण उचलून बघायचे आणि मगच स्वतः जेवायचे. सासूबाई गेल्या तरी सोडलं नाही. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं? "माणूस समुद्रात आणि भात घरात? वाया घालवायचे धंदे."

असो. नोबुएची मागची खोली रिकामी आहे. ऊन येतं, फुलझाडांना गच्ची आहे. परवा योकोहामाला जहाजावर चढण्याआधी तिच्याकडे चहा घेतला, तेव्हा ती सहज म्हणाली की ताई, तू इथंच ये राहायला.

सहज नाही म्हणाली. मीच विचारलं. ती माझी धाकटी बहीण, तिला नाही म्हणता येत नाही. तरी दोनदा म्हणाली की भावजींना विचारलंस का. मी म्हटलं, त्यांना विचारलं की ते "हं" म्हणतात.

आता नीट वाचा. पाच तारखेला सकाळी मी आपल्या धक्क्यावर उतरेन. एक तास मला द्या. नकाशे दुसऱ्या कुणाकडे सोपवा आणि बंदराच्या कोपऱ्यावरच्या ओगावांच्या दुकानात माझ्यासमोर बसून नूडल्सची वाटी खा. बोलू नका हवं तर. हे पत्र तुम्हाला चार तारखेपर्यंत मिळतंय. आला नाहीत तर मी भांडणार नाही. योकोहामाला उतरेन आणि नोबुएच्या मागच्या खोलीत राहीन. कपडे तुम्ही पाठवून द्या, हिवाळ्याचे आधी.

फुसाए


जहाजावर, योकोहामाच्या वाटेवर
६ जुलै

अहो,

नमस्कार. कालचा दिवस छान गेला. तुमचं गाव सुंदर आहे. धुकं होतं, पण तेही छान वाटलं. बाजारात खेकडे बघितले, पुलावरून नदी बघितली, फोटो काढून घेतला.

खोटं. बाजारात पाऊलही टाकलं नाही.

पहिल्यापासून सांगते. पहाटेपासून जहाज भोंगे देत होतं. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. बाकीची मंडळी पातळ सदरे घालून वर आली आणि काकडली, जुलै महिना आहे ना, असं एकमेकांना विचारत सुटली. मी लोकरीचा स्वेटर घालून कपाळापर्यंत टोपी ओढली आणि तोंडाला मास्क लावला. म्हटलं, ओळखीचं कुणी भेटलं तर तेच ते प्रश्न नकोत. तुम्ही मात्र ओळखाल, हे धरूनच चालले होते.

जहाजाच्या उतरणीवरून खाली आले. निळे डगले दिसले. टेबलाशी तुम्ही. मी रांगेत उभी राहिले, माझ्या पुढे सहा-सात माणसं, प्रत्येकासमोर तुम्ही कमरेत वाकत होतात. छातीत इतकं धडधडत होतं, की लग्नाच्या दिवशीही असं झालं नव्हतं. तेव्हा तर तुमची मला भीतीच वाटत होती.

माझी पाळी आली. तुम्ही वाकलात. मान वर न करता म्हणालात, "कुशिरोमध्ये आपलं मनापासून स्वागत आहे." आणि दोन्ही हातांनी नकाशा पुढे केलात.

मला. माझ्याच गावाचा नकाशा.

मी घेतला. काय करणार होते? मागे माणसं उभी होती. वळले तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "पायऱ्या ओल्या आहेत. जपून जा." ते मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. वाटलं, प्रत्येकाला म्हणत असाल.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. ठीक आहे, मी पाहुणी, तर पाहुणी. नकाशा उघडला आणि नकाशा बघून चालायला लागले. चाळीस वर्षं ज्या रस्त्यावरून मासळीची पिशवी वाहिली, तिथं बोट ठेवून बघत होते की आता डावीकडे की उजवीकडे. एका माणसानं मला वाट चुकलेली समजून हात धरून ओगावांच्या दुकानापर्यंत आणून सोडलं. मी त्याचे आभारही मानले.

दुकानात ओगावांची सून होती, तिनं मला ओळखलं नाही. मी दारासमोर बसले. एक वाटी मागवली. दर वेळी दारावरचा पडदा हलला की मान वर. मच्छीमार आले, शाळेच्या बाई आल्या, टपालवाला आला. तुम्ही आला नाहीत. नूडल्स फुगून वाटीबाहेर यायला लागले, सूप आटलं, मी खायच्या काड्या हातातही घेतल्या नाहीत. मनाशी म्हटलं, झालं, फुसाए. आता कळलं ना. नोबुएकडे पुस्तकांचं कपाट कुठं ठेवायचं याचा विचार करत बसले. आणि तो करताना मला इतकं वाईट वाटत होतं, की समोरच्या टेबलावरच्या माणसानं रुमाल पुढे केला. मी म्हटलं, मिरची लागली.

तेवढ्यात कुरामोची बाई आल्या. हातात तोच नकाशा. माझ्यासमोर बसल्या, माझ्या वाटीत डोकावल्या, आणि हे टाकून देणार का, असं विचारलं. मी वाटी त्यांच्याकडे सरकवली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की धक्क्यावरच्या त्या म्हाताऱ्यानं तुम्हालाही पायऱ्यांचं सांगितलं का.

"कसल्या पायऱ्या?" त्या म्हणाल्या. "नुसता नकाशा दिला. आणि काय हो, जहाजापासून इथपर्यंत एक तरी पायरी लागली का?"

नाही लागली. उतरणीला पायरी नाही, धक्क्याला नाही, रस्त्याला नाही. धक्क्यापासून घरापर्यंत पायऱ्या आहेत त्या एकाच ठिकाणी, आपल्या घरासमोरच्या चढावर.

मी उठले. पैसे दिले की नाही, हेही आठवत नाही. कुरामोची बाईंनी दिले असतील.

चढावर धुकं इतकं होतं की माझे मलाच पाय दिसेनात. पहिली पायरी पायाला लागली तेव्हा वाकून हात लावला. ओली होती. पण धुक्यानं नाही हो. शेवाळ घासून काढलेलं होतं. दर उन्हाळ्यात मी तुम्हाला सांगते आणि दर उन्हाळ्यात तुम्ही "हं" म्हणता, ते सगळं शेवाळ, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत. गुडघा घेऊन तुम्ही ते घासत बसलात. कोपऱ्यात ब्रश तसाच पडला होता. ब्रश जागेवर ठेवायची सवय तुम्हाला या जन्मी लागायची नाही.

किल्ली लोणच्याच्या पिंपाखालीच होती. आत गेले. तुमचा चष्मा माझ्या पत्रावर ठेवलेला. आणि माझ्या जागेवर ताट.

माझी छोटी निळी वाटी, भाताची. खारवलेल्या सामन माशाचा तुकडा. मुळ्याचं लोणचं, तुकडे की विटा ते विचारू नका. झाकण ठेवलेली सुपाची वाटी. आणि जेवायच्या काड्या डाव्या हातानं उचलता येतील अशा ठेवलेल्या. मी डावखुरी आहे, हे तुमच्या आईनं लग्नानंतर वर्षभर चालवून घेतलं नाही. तुम्ही तेव्हा समुद्रावर. तुमचं कधी तिकडे लक्ष गेलं असेल, हेच मला माहीत नव्हतं.

आधी वाटलं, आज मी येणार म्हणून वाढलं असेल. पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि बर्फाच्या कप्प्यात बघितलं, तर भाताचे गोळे. कागदात गुंडाळून ओळीनं लावलेले. प्रत्येक गोळा माझ्या वाटीच्या आकाराचा. मी निघाले त्या दिवसापासून तुम्ही रोज वाढलंत, आणि वाया जाऊ नये म्हणून रोज वाटी पालथी करून गोठवून ठेवलंत. अहो, इतका भात तुम्ही कधी खाणार होतात?

मी तिथं फरशीवर बसून रडले. लिहून टाकते, कारण तोंडानं मी हे कधी सांगणार नाही. मोठ्यानं रडले. शेजारच्यांच्या कुत्र्यानं साथ दिली.

मग जेवले. बसले माझ्या जागेवर आणि माझंच ताट जेवले. सुपाचं झाकण उचलून आधी आतून बघितलं. थेंब होते. सूप गार झालं होतं आणि खारट तर असं, की तुम्ही बंदरातलं पाणी घातलंत की काय अशी शंका आली. सगळं प्यायले. भाताचं शीतही ठेवलं नाही.

ताट तसंच ठेवून आले. उष्टं, न धुता. आयुष्यात पहिल्यांदा. घरी परतल्यावर तुम्ही बघितलं असेलच.

तिथंच का थांबले नाही, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं. बॅग जहाजावर होती, हे कारण झालं. खरं कारण वेगळं आहे, आणि ते मी पहिल्या पत्रात लिहायला घेऊन सोडून दिलं होतं.

मी घरातून निघाले त्या सकाळी तुम्ही आतल्या खोलीत टीव्ही बघत होतात. मी म्हटलं, निघते हं. तुम्ही आवाज वाढवलात. दारात उभी राहून मी बुटांचे बंद तीनदा सोडले आणि तीनदा बांधले. आला नाहीत. परक्या माणसांच्या जहाजासाठी पावसात ताटकळत उभा राहणारा माणूस बायकोसाठी दारापर्यंत आला नाही. हेच माझ्या मनाला लागलं होतं, तिकिटाचं नव्हे. नोबुएची खोली मी मागितली, ती त्या दारामुळे.

आयुष्यभर तुम्ही गेलात आणि मी धक्क्यावर राहिले. मला एकदा, एकदाच, तुमचा निरोप घेऊन जायचं होतं. म्हणून परत जहाजावर गेले.

संध्याकाळी डेकवर सगळ्यांना निरोपाच्या कागदी फितींच्या गुंडाळ्या वाटल्या, एक टोक आपल्या हातात, दुसरं धक्क्यावरच्या माणसाच्या. मी पिवळी मागून घेतली. मे महिन्यात तुमच्या बोटी सुटायच्या तेव्हा मी पिवळीच घ्यायचे, धुक्यात तेवढीच दिसते म्हणून. आणि तुम्ही दर वेळी मागच्या बाजूला, डाव्या कठड्याच्या टोकाशी उभे राहायचात, मला शोधावं लागू नये म्हणून. मी तिथंच जाऊन उभी राहिले. खाली काहीही दिसत नव्हतं. बँड वाजत होता, माणसांचे आवाज येत होते, माणसं नव्हती. मी टोक धरून गुंडाळी फेकली. ती पांढऱ्यात गेली आणि कुणीतरी पकडली.

कुणीही असू शकतं, मी स्वतःला सांगत होते. भोंगा झाला. जहाज हललं. आजूबाजूच्या फिती एकेक करून तटातट तुटायला लागल्या, कारण लोक ओढतात. माझी तुटेना. खालचा माणूस ओढत नव्हता, सोडतही नव्हता. तो जहाजाबरोबर धक्क्यावरून चालत होता. आणि फीत माझ्या बोटांत सरळ येत नव्हती. एक हिसका, मग थांबा. एक हिसका, मग थांबा. उजवा पाय टाकायचा, डावा ओढायचा.

तो गुडघा मी रोज रात्री शेकते, इवाओ. त्याची चाल मला बोटांत कळते.

कुरामोची बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. कोण आहे खाली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आमचे हे."

"त्यांना तर सर्दी झाली होती ना?"

"बरी झाली."

धक्का जिथं संपतो तिथंपर्यंत तुम्ही आलात. तिथं फीत ताठ झाली, क्षणभर तशीच राहिली, आणि मग तुटली. माझ्याकडचा तुकडा मी गुंडाळून पाकिटात ठेवलाय. तुमच्याकडचा तुम्ही धक्का झाडताना कचऱ्यात टाकला असेल, तर मला सांगू नका.

काल रात्रीपासून हे लिहितेय. उठते, डेकवर चक्कर मारते, परत येऊन दोन ओळी लिहिते. जहाज इतकं हळू का चालतं, असं मी त्या टॉवेलवाल्या मुलीला दोनदा विचारलं. ती म्हणाली, आजी, सगळे म्हणतात की प्रवास फार लवकर संपला.

उद्या योकोहामाला उतरते. नोबुएला खोली नको हे तोंडावर सांगायला हवं, पत्रानं बरं दिसत नाही. तीन दिवस तिच्याकडे राहते, तोवर हे पत्र तुम्हाला मिळेल. दहा तारखेच्या दुपारच्या विमानानं येते.

त्या दिवशी माझं ताट वाढून ठेवू नका. मी आल्यावर दोघांचं वाढू, आणि आधी बर्फातला भात संपवू, सूप मी करेन. विमानतळावर येऊ नका. डगला घालू नका, वाकू नका, आणि नकाशा तर मुळीच आणू नका. टीव्ही बंद करा आणि दारात या.

दारात नको, खाली या. पहिल्या पायरीपाशी येऊन उभे राहा आणि माझा हात धरा. पायऱ्या ओल्या असतात.

घरी यायला निघालेली,
फुसाए